समास

केमी गावात डिसेंबरचा दिवस दोनलाच आवरतो.
मग तौनो तळघरातला दिवा लावतो,
वॉशिंग मशीनवरचे कपडे बाजूला करतो,
मला गॉगल देतो आणि स्वतःचा शोधत बसतो.
तो कपाळावरच असतो.

दहा मीटर इथं बसत नाहीत.
साडेसात. उरलेले अडीच
बटाट्यांच्या पोत्यामागे ठेवलेत, म्हणतो.

कागदी निशाण्यामागे टेलिफोन डिरेक्टरी,
सत्त्याऐंशी सालची, सुतळीनं आवळलेली.
श्वास अर्धा सोड, ओर्वोक्की. घाई कसली?
टप्.
एवढंच. वर आईला कळतही नाही.

गुण तो मोजत नाही.
सुतळी सोडतो, भोकाभोकानं पानं उलटत जातो,
छर्रा थांबला तिथलं नाव वाचतो:
"हाकाला, एइनो. हा पंपावरचा!
बर्फ फोडायची माझी पहार नेली, ती नेलीच."
दुसऱ्या दिवशी हार्युला, सुईण.
"तुझ्या आईला हिनंच उलटं धरून रडवलं."
चपटा छर्रा नखानं काढून काडेपेटीत टाकतो.
कुणालाच काही लागलेलं नसतं.

एकाच भोकातून रोज थोडं पुढे.
फेब्रुवारीत आम्ही 'के'पाशी पोचलो,
आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला.
पिस्तूल तो दोन्ही हातांनी धरू लागला,
मग टेबलावर टेकवून.

परवा नेम पार सुटला.
छर्रा कडेला, कोऱ्या समासात.
तिथं कुणीच राहत नाही.
तौनोनं तरी बोट ठेवलं
आणि बराच वेळ वाचत राहिला.