एकशे अठ्ठावीस

हिलालमामाने सुरतेहून आणलेल्या डब्यात
जागा होती फक्त एकशे अठ्ठावीस बाइट.
हे कळायला मला तेहेतीस वर्षं लागली.
देवपुरात माळ्यावरून डबा उतरवला,
रॉकेलच्या बोळ्याने कॅसेटचे दात पुसले
आणि ठरवलं, यावर एक खेळ लिहायचा.

एकशे अठ्ठावीस.
ही कविता इथे पोचेपर्यंतच भरून वाहिली असती.

त्यातच खेळाडू कुठे उभा ते,
त्यातच गुण, त्यातच उरलेले जीव,
त्यातच कोणत्या कामातून उठून आलो
आणि परत कुठे जाऊन बसायचं, तेही.
चित्राला तर जागाच नाही.
किरण डावीकडून निघतो, उजव्या काठाला टेकून परततो,
तेवढ्यात आपल्याला शहात्तर ठोके:
इथे काळं, इथे पांढरं, आता माणसाचा खांदा.
एक ठोका चुकला
की खांदा मानेपासून लांब जाऊन पडतो.
खालच्या ओळीवर येईतो
मशीन वरची ओळ विसरलेलं असतं.
काय विचार करायचा तो
किरण तळातून पुन्हा माथ्यावर चढेपर्यंत,
अप्पा भोंगे ऐकत डबा खायचे
तसा, घास न चावता.

तीन रात्री मी नुसती खोडत बसले.
चौथ्या रात्री आई उठली, पाणी यायचं होतं.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो,
पावणेतीनला, पस्तीस मिनिटं.
"काय करी ऱ्हायनी?"
मी सगळं सांगितलं. घागरी समज, म्हटलं,
एकशे अठ्ठावीस घागरी, त्याबाहेर थेंब नाही.
ती हसली.
"मंग बठास्ले पुरी."

आता तिला मी काय शिकवणार?
भाजी धुतलेल्या पाण्यात फडकं,
फडक्याच्या पाण्याने ओटा,
उरलेलं वांग्याच्या रोपाला.
एका घागरीला तीन नावं.
त्या रात्री मी वेळ मोजणारी जागा
खेळ संपल्यावर आवाजाला दिली,
शेजारणीची चाल आणि नळाची धार
एकाच बाइटमध्ये झोपवली, अर्धी अर्धी.
आठ बिंदू रुंद बाई, आठ बिंदू रुंद शेजारीण.
मला मांजरही हवं होतं.
तिसरं कोणी ते मशीन देत नाही,
म्हणून एका फेरीत शेजारीण, पुढच्या फेरीत मांजर,
अप्पा आणि निंबाकाका एकाच खाटेवर झोपायचे तसे,
एक रातपाळीला, एक दिवसपाळीला.
दोघीही थोड्या लुकलुकतात. चालायचंच.

खेळ असा की नळ सुटतो
आणि तो जायच्या आत घागरी भरायच्या.
पडदा चाळीस चौकोन रुंद,
मशीन ध्यानात ठेवतं वीसच,
उजवी बाजू म्हणजे डावीचं प्रतिबिंब.
मी आमच्या दारात नळ काढला,
समोर शमीमच्या दारात आपोआप नळ आला.
आमची टाकी तीन ओळी उंच केली,
तिचीही तीन ओळी उंच.
कोपऱ्यावरचा मोटर लावून ओढणारा बंगला
घालायचा होता, पण बिट संपले.

आईने जॉयस्टिक धरला, लाटणं धरावं तसा.
आपल्या बाजूला बघितलं,
शमीमच्या बाजूला बघितलं,
पुन्हा आपल्या.
"असं कोठे व्हस का?"
मी म्हटलं, आई, या मशीनला
दुसरं काही येतच नाही.

बाहेर नळाने आधी हवा सोडली,
मग ती ओळखीची शिट्टी.
गल्लीत बादल्या वाजू लागल्या.
मी उठले. ती उठेना.
"थांब," म्हणाली, "हाई घागर भरी लेऊ दे."