बी नसलेलं झाड

वादळ येऊन गेल्यापासून बाबांना झोप नाही.
छप्पर परत बसलं. गुडघा नाही बसला.
मळ्यात आता मी एकटीच जाते,
पेन्टेकोस्टच्या या उतारावर, दव असताना.

कावाची पेरं म्हाताऱ्या बोटांसारखी, गाठीगाठींची.
याला बी नाही.
कुणी कांडं तोडून कुणाला दिलं,
त्याने डोळा वर ठेवून मातीत निजवलं,
एवढाच याचा वंश.
होडीतून आला म्हणतात,
कुणाच्या तरी ओल्या फडक्यात.

बाबांनी नावं शिकवली ती हात लावून.
हा बोरोगु, अंग सैल करतो, डोकं नाही.
हा मेलोमेलो, हसरा, पाहुण्यांचा.
सान्तोहून काकाने आणलेला पालारासुल.
आणि बांधापलीकडे तुडेई:
एक करवंटी, की दोन दिवस जमीन होडीसारखी हलते.
"ओळखून ठेव, माबोन,
म्हणजे चुकून कुणाला द्यायची नाहीस."

दाढ ठणकली तर मूळ चघळायचं.
लघवी अडली तर पातळ पाणी, सकाळी.
दिवसभराचं भांडण असेल
तर दोघांना एकाच खोऱ्यातलं, अंधार पडता पडता.
सगळं तोंडपाठ.
चव तेवढी माहीत नाही.
नाकामालच्या दारापर्यंत
धुतलेली मुळं पोचवायची, आणि मागे फिरायचं.

काल बाबांनी घरातच पोवळ्याचा दगड काढला.
हात थरथरत होते.
"दगड तू धर," म्हणाले,
आणि दाराकडे तोंड करून बसले,
जणू त्यांनी काही पाहिलंच नाही.
मी उगाळत राहिले. तळहात सोलवटला.
प्यायले, थुंकले, थोडा वेळ गप्प.
"कोणता?"
"बोरोगु."
"मेलोमेलो," म्हणाले. "बोरोगु कुजला ना सगळा?"
महिनाभर मी हे लपवलं होतं.

करवंटीत घोटभर उरलं होतं.
ती माझ्याकडे सरकवून
ते भिंतीकडे वळले.

मातीसारखं, मिरीसारखं, मग काहीच नाही.
ओठ कुणा दुसरीचे.
बोरोगु म्हणायला गेले,
तर जीभ अर्ध्यावरच थांबली.

बाबा घोरत होते.
बुलेवाककडे खालच्या गावात
एखादं कांडं असेल आमचंच,
त्याच्या लग्नात दिलेलं.
उजाडलं की जाईन मागायला.