खातरजमा

मॉर्वेना पॅस्को सकाळी आठला आली,
पायात स्वतःचे लोखंडी नाकाचे बूट,
थर्मासमध्ये स्वतःचा चहा.
आमचा चहा तिने हसून नाकारला.
पाहुणचारही नोंदवावा लागतो, म्हणाली.
मला तिथेच कळायला हवं होतं.

क्रॅडली हीथमधली ही आमची भट्टी.
सत्तर वर्षं आम्ही फाटकांच्या बिजागऱ्या करतो,
गोठ्याच्या साखळ्या, नावांच्या कड्या.
बिजागरी तुटली तर
फार तर मेंढ्या रस्त्यावर येतात,
शेतकरी फोनवर आमचा उद्धार करतो,
आम्ही नवी देतो, वर दोन खिळे फुकट.
आता रेल्वेला बोल्ट द्यायचे ठरवलं होतं,
रुळाला रूळ जोडणारे, मनगटाएवढे जाड.
बँकेला सांगूनही झालं होतं.

तयारी माझीच: निळ्या पाठीच्या कोऱ्या फायली,
भिंतीवर चौकटीत आमचं धोरण,
‘गुणवत्ता हाच आमचा श्वास’ असलं काहीतरी.
तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
डब्यात हात घालून एक बोल्ट काढला,
माझ्या तळहातावर ठेवला.
‘हा कुठला?’
‘आमचाच की.’
‘तसं नाही. ह्याचं पोलाद कुठल्या वितळणीचं?
कधी तापला, किती तापला,
मोजला कोणी, कशाने मोजला,
आणि त्या मोजणाऱ्या यंत्राला कोणी मोजलं?’

मायक्रोमीटरवरच्या चिकटपट्टीची मुदत
फेब्रुवारीतच संपलेली. बाहेर एप्रिल.
‘अहो, बरोबर दाखवतो तो.’
‘असेल. कशावरून?’

दिवसभर हा एकच शब्द,
दातात अडकलेल्या सुपारीसारखा.
कशावरून.

होरेस टिबेट्सला राहवेना.
एकेचाळीस वर्षं घणावर काढलेला माणूस.
त्याने बोल्ट ऐरणीवर टाकला.
‘नाद ऐका. कच्चा असता तर बद्द वाजला असता.’
तिने ऐकलं. खरंच, डोळे मिटून.
मग अगदी हळू विचारलं,
‘तुम्ही रजेवर असता तेव्हा कोण ऐकतं?’

होरेसने हातोडी खाली ठेवली.
एवढ्या आवाजाच्या जागेत
तेवढंच ऐकू आलं.

दुपारी पायरीवर बसून ती डबा खात होती.
म्हणाली, आधी मी रुळांवरच होते, रात्रपाळीला.
पावसात, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात
बोल्ट आवळताना, ग्लेनिसबाई,
मी कधी कारखान्याचं नाव वाचलं नाही.
पहाटे पाच बत्तीसला गाडी यायची असायची.
पाना फिरायचा, हात पुढच्या बोल्टवर जायचा.
कोणाच्या भरवशावर, ते हाताला ठाऊक नव्हतं.

मी काही बोलले नाही.
शब्दाला जागणारी माणसं आम्ही,
पण तो शब्द त्या अंधारात
पोचणार कसा, कोणाच्या खिशातून?

चारशे बारा बोल्ट नापास.
वाईट म्हणून नव्हे, निनावी म्हणून.
होरेसने ते स्वतः लाल रंगवले,
जाळीत घालून कुलूप लावलं,
किल्ली माझ्या टेबलावर आपटली
आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बारा आठवड्यांनी ती परत येणार आहे.
आता प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर आकडे आहेत,
आकड्यांवरून वहीचं पान,
पानावरून पोलादाच्या कांबीचा दाखला.
मायक्रोमीटर जाऊन आला, नवी पट्टी लावून,
दवाखान्यातून आलेल्या पोरासारखा.
उमेदवार तरनप्रीत कडकपणा मोजतो,
आकडा लिहितो, खाली सही करतो,
आणि हल्ली, आम्ही बघत नाही असं वाटलं की,
बोल्ट ऐरणीवर टाकून कान देतो.

काल वही चाळली.
छापील रकान्यांच्या उजवीकडे
होरेसने पट्टी न वापरता
एक जास्तीचा रकाना आखलाय.
वर लिहिलंय: नाद.
खाली, ओळीने: स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ.
अकराव्या ओळीवर: पुन्हा बघा.
शेजारी यंत्राचा आकडाही तेच म्हणत होता.

मॉर्वेना ह्या रकान्याला काय म्हणेल, माहीत नाही.
मी तो खोडलेला नाही.