कड

औलूला त्या आठवड्यात
गाड्या समुद्रावरून जात होत्या, इतका तो गोठला होता.
आणि आमच्या बैठकीत चारशे लिटरचा दुसरा,
पंचवीस अंशांवर.
अकरा तास वीज गेली.

मी रात्रपाळीला होते, भाजलेल्यांच्या वॉर्डात.
राउनोने काचेभोवती घरातली सगळी पांघरुणं गुंडाळली,
आणि पेल्याने पाणी उचलून
वरून परत पाण्यातच ओतत बसला.
हवा लागते त्यांनाही.

पहाटे तीनला दार वाजलं.
खालच्या मजल्यावरची हिल्का कोर्तेला,
पंपाची घरघर झोपू देत नाही म्हणून
सहा वर्षं तक्रार करणारी.
"झोप लागेना," म्हणाली. "तुमचा समुद्र बंद पडला का?"
मग खाली जाऊन घेऊन आली
नवऱ्याच्या मागे उरलेला बॅटरीचा छोटा पंप,
आमिषाचे मासे जिवंत ठेवायचा.

मासे वाचले.
प्रवाळ बुडापासून पांढरं पडत गेलं.
शंखासारखं पांढरं नव्हे.
सोललेलं.

मग घाबरलेली माणसं करतात ते सगळं त्याने केलं.
आयोडीन. नवा दिवा. क्षार.
दिवसातून चारदा कोपरापर्यंत हात पाण्यात.
नळीत थेंब मोजायचे, निळ्याचं पिवळं होईस्तोवर,
आणि आकडा वहीत:
सात. साडेनऊ. सात.
जे थोडं उघडं होतं तेही मिटलं.

मी म्हटलं, हात बाहेर काढ.
नव्या मुलींना आम्ही पहिलं हेच शिकवतो,
पट्टी उचलून उचलून बघायची नाही.
"ते माणूस नाही," तो चिडून म्हणाला.
कातडी आहे ना, म्हटलं.
कातडीला मी नाव विचारत नाही.

दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी मेलेल्या फांद्या कात्रीने छाटल्या,
जित्या तीन तुकड्यांना चिनी मातीच्या बिल्ल्यांवर डिंक लावून बसवलं,
आणि बाह्या खाली केल्या.

एक तुकडा गेलाच.
मार्चमध्ये बर्फावरचा रस्ता बंद झाला.
वहीत पानंच्या पानं कोरी.

काल रात्री त्याने मला उठवलं,
हातात लाल कागद बांधलेली विजेरी.
हाडावर, खालून, नखाएवढी रुंद
तपकिरी-गुलाबी साय चढत होती.
मला ती ओळखीची.
जखम मधून भरत नाही, कडेने येते,
आणि येते तेव्हा कुणाला सांगत नाही.
त्या कडेवर एक तोंड उघडं होतं,
टाचणीच्या टोकाएवढं,
आणि त्याभोवती बोटं, चाचपडणारी,
भुकेली.

आम्ही दोघं गुडघ्यांवर,
हात पाठीमागे बांधून.

आज सकाळी हिल्का वर आली.
घरघर फार होते, म्हणाली.