ते नाव, ती नाव

पहाटे पावणेपाचला रान्वाचा फोन थरथरला.
तोर्सहाव्न बंदरातल्या कचेरीतून एदुन:
पान उघडं पडलंय.
म्हणजे?
म्हणजे अंगावर कपडेच नाहीत त्याच्या.

तिने पाहिलं.
फेरीबोटीचं वेळापत्रक, भाड्याचे दर, मोटारींचा रकाना,
सगळं एकाखाली एक, डावीकडे रेटलेलं,
अधोरेखित निळ्या ओळी,
आणि जहाजाच्या चित्राच्या जागी
एक तुटका चौकोन.
‘तिकीट घ्या’ दाबलं तर ढिम्म.
सुधुरोयची पहिली बोट सातला.

तिच्या लॅपटॉपवर मात्र सगळं ठीक.
हे नेहमीचंच.
घरात गाणारं पोर
पाहुण्यांसमोर तोंडात बोट घालून उभं राहतं.

रात्रीच तर तिने डिप्लॉय केलं होतं,
नव्या सर्व्हरवर, पहिल्यांदा.
छत्तीस फायली दळून, चाळून, दाबून
तीन केल्या,
आणि यंत्राने प्रत्येकीच्या नावाला
अंगठ्याच्या ठशासारखी अक्षरं जोडली.
आत एक स्वल्पविराम हलला
तरी ठसा बदलतो.

पान मागत होतं शेवटी ७फ३ असलेली फाइल.
सर्व्हर सांगत होता,
या नावाचं इथे कोणी राहत नाही.
चारशे चार.
चारशे चार.
लॉगभर तोच आकडा,
पन्हळीतून ठिबकावा तसा.

तिने फोल्डर उघडला.
फाइल होती की. ताजी, पुरती, कालच्या रात्रीची.
फक्त ७फ३ नव्हती.

काखेत कळसा म्हणतात, खरं आहे;
पण काखेला कुठे ठाऊक असतं
गाव कळशाला कुठल्या नावाने शोधतंय?

कॅशे पुसला. सर्व्हर थांबवला, उठवला.
परवानग्या तपासल्या. पुन्हा सगळं दळलं.
पुन्हा ७फ३.
खिडकीबाहेर धुक्यात समोरचं बेट नव्हतंच,
तिनेही काही ते रिफ्रेश केलं नाही.

मग आठवलं: मॅनिफेस्ट.
जहाजावरही तोच शब्द,
कुठला डबा कुठल्या मजल्यावर त्याची यादी.
इथे, कुठल्या फायलीचं आजचं नाव काय.
लपलेल्या फायली दाखव, ती म्हणाली यंत्राला.
नावाआधी टिंब लावून बसलेल्या दोन याद्या.
एक कालची.
एक तीन वर्षांपूर्वीची, होग्नीने ठेवलेली.
जुना सर्व्हर इमानाने नवी यादी उचलायचा.
नव्याने पहिली दिसली ती उचलली.

होग्नी आता सामन माशांच्या पिंजऱ्यांवर असतो.
वाऱ्यातून ओरडला:
अगं, ती तात्पुरती ठेवली होती मी!

तिने यादी पुसली.
सहा चाळीसला पानाने कपडे चढवले,
चित्रातलं जहाज आलं, बटण दाबलं गेलं,
आणि एदुनने अंगठा पाठवला, नुसताच,
ठशाविना.

सातला भोंगा झाला.
ती नाव सुटली.
कुणी तिला जुन्या नावाने हाक मारली असती
तरी सुटलीच असती.
तेवढं एक जहाजांचं बरं आहे.

नऊला सुन्नुवा नावाच्या बाईंची मेल आली,
सुधुरोयच्या दक्षिण टोकाहून:
आज पहाटे तुमचं पान चष्म्याशिवाय वाचता आलं.
सरकणारी चित्रं नव्हती, राखाडीवर राखाडी अक्षरं नव्हती.
वय एक्याऐंशी. कृपया असंच ठेवा.

रान्वाने दोनदा वाचलं.
काय उत्तर द्यायचं?
की बाई, ते बिघडलेलं होतं?

तिने स्टाइलशीट उघडली.
चौदाचे अठरा केले,
राखाडीचा काळा.
सरकणारं चित्र थांबवलं, जागच्या जागी.
दोन-तीन ओळी हलल्या फक्त,
आणि आख्ख्या फायलीचं नाव बदललं.

याद्या मोजल्या. एकच होती.
तरी पुन्हा मोजल्या.

डिप्लॉय सोमवारी.
शुक्रवारी कोण करतं.