पेले विसळताना

बाटल्यांना लोकरीचे मोजे चढवलेत गळ्यापर्यंत,
कुणाचं गाव दिसू नये म्हणून.
परीक्षकांचं टेबल खिडकीशी, माझी मोरी मागे,
मध्ये एक पडदा, तोही कधी नीट न लागणारा.

मोझेलचे हेर राइनहार्ट हुंगतात, डोळे मिटतात.
शाळेतली पाटी, म्हणतात,
थुंकीने पुसलेली, अजून ओली.
दोरू नदीवरच्या किटेरियाबाई ऐंशीच्या पुढच्या,
त्या कुठल्याच वाइनमध्ये फळ शोधत नाहीत.
"तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही,"
असं त्या काळ्याशार पेल्याबद्दल बोलतात,
मोठ्या जावयाबद्दल बोलावं तसं.
सांतोरिनीचा स्ताथिस मीठ म्हणतो, गंधक म्हणतो,
आणि हाताने हवेत टोपली विणून दाखवतो,
त्यांच्याकडे वेली वाऱ्याला घाबरून
जमिनीवरच अशा गोल बसतात म्हणे.
काखेतीचा ओतिया काहीच लिहीत नाही.
अंगणात रांजण पुरलेल्या घरातला तो,
घोट घोळवून थुंकायचं त्याच्या जिवावर येतं.
गुपचूप गिळतो.
दुपारनंतर त्याचे गुण वाढत जातात.

जिभेला हाड नसतं,
आणि नाकाने कांदे सोलणारे मी पुष्कळ पाहिले
या मोरीशी तेवीस वर्षांत.
पण ही माणसं वाईट नाहीत.
ज्याला शब्द सापडत नाही तो खिडकीबाहेर बघतो.
बाहेर चेरीची झाडं आहेत,
म्हणून ब्रदातल्या निम्म्या वाइनांना
चेरीचा वास येतो.

पाचव्या पेल्यावर अडलं.
रंग मधाचा, सालींसकट मुरवलेली रेबुला,
आधी तुरट, मग कुठेतरी आत
जर्दाळूची बी फोडल्यासारखी कडू.
राइनहार्ट म्हणाले, टेकडीच्या अलीकडची. स्लोव्हेनिया.
किटेरियाबाई म्हणाल्या, छे, पलीकडची. इटली.
आवाज चढले. चिटणीस झ्वोंकोने मोजा उतरवला,
यादी पाहिली, कान खाजवला.
द्राक्षं दोन्हीकडची.
फॉर्मवर देशासाठी चौकोन एकच.
बाद, म्हणाला तो, आणि पेला माझ्याकडे आला.

सत्तेचाळीस साली कुणीतरी नकाशावर रेघ ओढली.
घर इकडे राहिलं,
वेलींच्या एकोणीस ओळी तिकडे.
बाबांना पास मिळाला पुढे,
उजाडल्यावर जा, मावळायच्या आत परत ये.
दुपारचं सूप मी न्यायची. आठ वर्षांची होते.
फाटकावर एक शिपाई, ओह्रिदकडचा,
मिसरूडही न फुटलेला.
झाकण काढायचा, सुपात चिठ्ठीचपाटी आहे का बघायला
चमचा बुडवायचा,
तोंडात घोळवायचा,
आभाळाकडे बघायचा.
"मीठ कमी."
रोज.

आईने शेवटी मनावर घेतलं, मूठभर टाकलं.
बाबा वेलीखाली बसून ते कसंबसं गिळत होते
आणि फाटकातून तो ओरडून विचारत होता,
आज कसं झालंय?

पुढच्या वसंतात त्याची बदली झाली.
नाव मी विचारलंच नाही.

आता फाटक नाही, खांबाचा बुंधा तेवढा आहे,
त्याला भाचा ट्रॅक्टर घासतो.
त्या ओळी त्याच्याकडेच.
घरामागच्या वेली आणि त्या,
तो एकाच पिंपात ओततो. आळशी आहे.

परीक्षक जेवायला गेले.
मी पेले विसळते गरम पाण्याने, नुसत्या बोटांनी,
साबण वाइनपेक्षा जास्त दिवस टिकतो.
पाचवा तसाच ठेवते, खिडकीत.

वाइन संपून पेला रात्रभर कोरडा पडतो
तेव्हा तळाशी जे उरतं ते मी सकाळी हुंगते.
हे कुणाला सांगत नाही, कुणी विचारतही नाही.

भुसभुशीत खडक, ओला आणि मग उन्हात ठेवलेला.
सालीचा कडवटपणा.
पत्र्याच्या डब्याचं झाकण.
आणि मीठ,

कमीच.