मागचा डावा पाय

पुलावरून येताना ड्रॅगन लंगडतो.
नीट बघा. मागचा डावा पाय.

दर डिसेंबरात, मोराव्हियातल्या आमच्या गावी,
जुन्या व्यायामशाळेच्या भिंतीवर हा सिनेमा लागतो.
बाहेर बर्फ, आत ओल्या लोकरीचा वास,
आणि रीळ इतकं झिजलेलं
की राजवाड्यातही बर्फ पडत असतो.

चंद्र म्हणजे चीज ठेवायचं ताट.
समुद्र म्हणजे निळा मेणकागद,
खालून कुणीतरी फुंकर घालतंय.
राजाची दाढी तिसऱ्या प्रसंगात उजवीकडे सरकते
ती शेवटपर्यंत तिथेच;
कुणालाच त्याचं काही वाटत नाही.
ड्रॅगनचं रक्त तर आलुबुखारचा मुरंबा.
मला माहीत आहे. मी चाटलंय.

मी नऊ वर्षांची. मागचा उजवा पाय माझा.
डाव्यात झ्बिन्येक,
बहिणीचे बूट घालून आलेला, एक माप लहान.
आत काळोख, सरसाचा दर्प, घोंगडी टोचायची.
बाहेरून दिग्दर्शक ओरडायचा, "डावा, सरळ चाल!"
आणि तो हसू दाबता दाबता
माझा हात पिळून काढायचा.

पुढच्या वर्षी, ऑगस्टनंतर,
त्यांच्या दाराला कुलूप दिसलं.
सरहद्दीपलीकडे गेले, म्हणायचे.
कुठे, ते कुणी विचारत नसे.
हजेरीतून त्याचं नाव गेलं
कवायतीत चालता चालता
कुणी गुपचूप पाय बदलावा तसं.

एका शहाण्याने पुढे लिहिलं,
ते लंगडणं म्हणजे जखमी सत्तेचं रूपक.
असेल बापडं.

परवा माझ्या शेजारच्या खुर्चीत
कुणाचीतरी नात, पाचेक वर्षांची.
तिच्या घरच्या पडद्यावरचे ड्रॅगन
खवला न् खवला खरे असतात.
इथे तिला शेपटी उचलणारी तार दिसली,
पोटावरची शिवण दिसली,
आणि ती खुर्चीवर उभीच राहिली.
"आत कुणीतरी आहे!"
आवाजात भीती नव्हती.
बंद घराचं दार वाजवावं
आणि आतून चप्पल सरकल्याचा आवाज यावा,
तसा तिचा चेहरा.

"हो," मी म्हटलं. "मागे दोघं आहेत."

ड्रॅगन पूल उतरू लागला.
मी अंधारात
उजवा पाय जरा आखडून घेतला,
त्याला गाठता यावं म्हणून नाही,
नुसतं
चालीत चाल मिळावी म्हणून.